कंपाउंडला ब्लॉक किती लागतात: मोजून देणाऱ्या एका कारखान्याचा अनुभव

पाचपैकी चार तारे देतेय. त्यातले तीन ब्लॉक मोजून देण्याच्या सेवेला आणि एक ब्लॉकला. पाचवा का राखून ठेवला तेही पुढे लिहिलंय. कारखाना सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या आसपास आहे, एवढंच सांगते. नाव टाकत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि पोर्चचे ब्लॉक अजून तिथूनच आणायचेत.

आमची रोपवाटिका आहे. इतकी वर्षं तारेच्या कुंपणावर भागवलं. पण शेळ्यांना तार कळत नाही आणि रात्री कुंड्या उचलून नेणाऱ्यांना ती अडवत नाही. रस्त्याकडची धूळ पानांवर बसते ती वेगळीच. शेवटी पक्कं कंपाउंड घालायचं ठरलं: रस्त्याकडची बाजू ९३ फूट, ओढ्याकडची १३३ फूट, मिळून २२६. उरलेल्या दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेतच. प्लिंथ बीमच्या वर पाच फूट उंची, सहा इंची सॉलिड, म्हणजे भरीव काँक्रीटचे ब्लॉक, नऊ बाय नऊचे कॉलम. १२ फुटांचं मोठं गेट आणि माणसांसाठी साडेतीन फुटांचं छोटं.

आता ब्लॉक किती? पहिला आकडा मिस्त्रींनी दिला. आमचे मिस्त्री लातूरकडचे, कामाला चोख. जमिनीवर काडीनं दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "वहिनी, शंभर स्क्वेअर फुटाला सव्वाशे धरायचे. तेराशे मागवा. कमी पडले तर माझी माणसं बसून राहतात, उरले तर कुठं जातायत?" त्यांच्या बाजूनं हे अगदी बरोबर आहे. त्यांची मजुरी स्क्वेअर फुटावर, ब्लॉकचे पैसे माझे.

मग मुलानं फोनवर दोन कॅल्क्युलेटर उघडून दिले. एकात लांबी २२६, उंची ५ टाकली. गेट वजा करायची सोयच नव्हती. १,१३० चौरस फूट, चौरस फुटाला १.१२५ प्रमाणे १,२७१ ब्लॉक, वर पाच टक्के तूटफूट, एकूण १,३३५. दुसऱ्यानं गेट वजा केलं, पण तूटफूट दहा टक्के धरली आणि १,३०२ वर आणून ठेवलं. तीन ठिकाणांहून फिरून फिरून तेराशेच येतायत म्हटल्यावर कुणालाही वाटेल, झालं, हाच खरा आकडा.

कारखान्याच्या कागदावर मात्र आला १,००१.

खरं तर मी तिथे फक्त दर विचारायला गेले होते. ऑफिसात एक मुलगी बसते, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. तिनं दर सांगायच्या आधी विचारलं, "काकू, कॉलमचे खड्डे घेतले का?" म्हटलं, नाही, फक्की मारायचीये अजून, म्हणजे जमिनीवर पांढऱ्या भुकटीनं आखणी. तर म्हणाली, "मग थांबा. फक्की मारायच्या आधी मी येऊन जाते. पाचशे रुपये घेतो, ऑर्डर दिलीत तर बिलातून वजा." मला वाटलं, ऑर्डर गळ्यात मारायची ही एक तऱ्हा. तरी म्हटलं, पाचशेच तर आहेत.

जागेवर येण्याआधी तिनं मला यार्डात नेलं आणि एक गोष्ट दाखवली. ती मी आता भेटेल त्याला सांगत सुटलेय. यार्डातले दहा ब्लॉक एकाला एक चिकटवून जमिनीवर ओळीनं मांडायला लावले, मध्ये काही न भरता. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. लांबी आली १३ फूट दीड इंच, म्हणजे चार मीटर. एक ब्लॉक चारशे एमएमचा. मग पाच ब्लॉक एकावर एक रचले आणि उंची घेतली. ती एक मीटर, म्हणजे एकेक ब्लॉक दोनशेचा. "एकच ब्लॉक मोजलात तर टेपच्या हुकातच दोन-तीन एमएम जातात. दहा मोजले की लपवायला जागा राहत नाही," असं तिचं म्हणणं. सगळे ज्याला सोळा बाय आठ म्हणतात तो ब्लॉक बाजारात एकाच मापाचा मिळत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या एका कारखान्यात दर दोन रुपयांनी कमी होता. इथे ४६ रुपये पोच, तिथे ४४. तिथेही जाऊन मी दहा ब्लॉक ओळीनं मांडून घेतले. तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. लांबी भरली १२ फूट साडेनऊ इंच. म्हणजे ब्लॉक ३९० चा, उंचीलाही १९० चा. यात फसवणूक काही नाही, हे आधी सांगते. ब्लॉकचं जे भारतीय मानक आहे, आयएस २१८५, त्यात मोजमाप असंच धरलंय: नावाला ४०० बाय २००, प्रत्यक्षात १० एमएम कमी, कारण १० एमएमचा माल सांध्यात भरला की ४०० बाय २०० होतं. उलट मानकाच्या हिशेबानं तोच ब्लॉक बरोबर. पण विकत घेणाऱ्यानं हिशेब करायला हवा की नको?

तो असा. चारशेचा ब्लॉक सांध्यासकट ४१० बाय २१० ची जागा भरतो, म्हणजे शंभर चौरस फुटांना, एका ब्रासला, १०८ ब्लॉक. तीनशे नव्वदचा सांध्यासकट ४०० बाय २०० भरतो, म्हणून ब्रासला ११६. आता दर लावा. ४६ गुणिले १०८ म्हणजे ४,९६८ रुपये. ४४ गुणिले ११६ म्हणजे ५,१०४. नगाला दोन रुपयांनी स्वस्त असलेला ब्लॉक भिंतीत गेल्यावर ब्रासमागे १३६ रुपयांनी महाग. शिवाय सांधे जास्त, म्हणून सिमेंट-वाळू जास्त, ते वेगळंच. नगाचा दर विचारून निघून येणारे किती असतील याची कल्पना करा. मीसुद्धा तेवढ्यासाठीच गेले होते.

आणि फोनवरचा तो १.१२५? प्रत्येक चौरस फुटाला सव्वा ब्लॉकहून जरा कमी, हा आकडा बहुतेक सगळ्या कॅल्क्युलेटरात बसलेला असतो. तो अमेरिकी ब्लॉकचा. त्यांचा ब्लॉक १५⅝ बाय ७⅝ इंच, त्यात ⅜ इंचाचा सांधा मिळवला की बरोबर १६ बाय ८ होतं, आणि १४४ ला १२८ नं भागलं की १.१२५. त्यांच्या भिंतीसाठी तंतोतंत. आमच्या चारशेच्या ब्लॉकला १.०८ लागतो, तीनशे नव्वदच्याला १.१६. म्हणजे तो आकडा आमच्याकडच्या दोन्ही ब्लॉकना लागू नाही, बरोबर मध्ये लोंबकळतो.

तर अशी ती मुलगी स्कूटीवर टेप, दोरी आणि वही घेऊन जागेवर आली. मिस्त्री आधी जरा घुश्श्यातच होते. "मॅडम, आम्ही वीस वर्षं भिंतीच बांधतोय." ती हसून म्हणाली, "म्हणूनच तुमच्यासमोर मोजायचंय, दादा." आणि तिनं क्षेत्रफळाला हातच लावला नाही. पहिला प्रश्न: थर किती?

पाच फुटांची भिंत म्हणून कोणी पाच फूट बांधत नाही. भिंत थरातच वाढते. दोनशेचा ब्लॉक आणि दहाचा सांधा, म्हणजे एक थर २१० एमएम. सात थरांना १,४७०, म्हणजे चार फूट दहा इंच. आठवा थर घातला तर साडेपाच फुटांवर जातं. चौथ्या थरावर तीन इंची पाटली टाकायची मिस्त्रींनीच सुचवली होती, सळई घालून काँक्रीटची. सात थर अधिक पाटली म्हणजे पाच फूट एक इंच. तो वरचा इंच मला चालणार होता. मिस्त्री म्हणाले, "बरोबर, सातच." तिथून दोघांचं सूत जुळलं.

कॅल्क्युलेटरात पाटली टाकायला रकानाच नव्हता, कॉलमला तर नव्हताच. आमच्या कंपाउंडला छोट्या-मोठ्या गेटांचे धरून २४ कॉलम आहेत. नऊ इंच काय, नगण्य वाटतात, पण २४ नं गुणा: १८ फूट भिंत. पाच फूट उंचीला ९० चौरस फूट नुसते कॉलमच खातात, म्हणजे फोनच्या हिशेबानं शंभर ब्लॉक. गेटांचे ८५-९० वेगळे. पाटलीचे पन्नासेक. उरलेला फरक त्या १.१२५ चा आणि टक्क्यांचा. तेराशे कुठून आले आणि हजार कसे झाले, याचा पत्ता त्या दुपारी लागला.

पण माझे पाचशे रुपये वसूल झाले ते याच्या पुढच्या गोष्टीत. मिस्त्री दहा-दहा फुटांवर कॉलम टाकणार होते. सगळेच टाकतात. मधला गाळा निव्वळ नऊ फूट तीन इंच उरतो. त्यात पूर्ण ब्लॉक सहा बसतात आणि सातवा अडीच इंच कापावा लागतो. प्रत्येक थरात, प्रत्येक गाळ्यात. ते अडीच इंची तुकडे कशालाच उपयोगी नाहीत, ढिगाऱ्यात जातात. मुलीनं वहीत गणित केलं: सात ब्लॉक ४०० चे म्हणजे २,८००, आठ सांधे ८०, एकूण २,८८०. साडेनऊ फुटांना जरासं कमी. "कॉलम अडीच इंच लांब घ्या. सेंटर टू सेंटर दहा फूट अडीच इंच. मग सात अख्खे ब्लॉक बसतात. आणि सांधा तोडायचा म्हणून एकाआड एक थराला अर्धा, सहा अख्खे, परत अर्धा. दोन्ही अर्धे एकाच ब्लॉकातून निघतात."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि दोरी धरून ओढ्याकडच्या बाजूला चालत गेले. दहा फुटांनी मोजलं असतं तर १३३ फुटांत तेरा गाळे होऊन शेवटी अडीच-तीन फुटांचं शेपूट उरत होतं, त्यासाठी एक कॉलम जादा. दहा फूट अडीच इंचांनी तेरा गाळे बरोब्बर संपले. एक कॉलम वाचला. म्हणजे एक खड्डा, त्याची जाळी, सळई, काँक्रीट, सगळंच. आमच्याकडे खाली काळी माती, मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, त्यामुळे एका खड्ड्याचं मोल आम्हाला विचारा. म्हणून ती पहिल्याच वाक्यात खड्ड्यांबद्दल विचारत होती. एकदा कॉलम उभे राहिले की ब्लॉक मोजून मिळतात, वाचत नाहीत.

मग कागदावर आलं ते इतकं साधं: पूर्ण गाळे २०, एका गाळ्याला सात साती ४९, म्हणजे ९८०. छोट्या गेटाशेजारचा अर्धवट गाळा, थराला तीन, सात थरांना २१. एकूण १,००१. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, 'अर्धे करण्यासाठी कापायचे ६०, ते वरच्यातच धरले आहेत'. सिमेंट आठ गोण्या, एकास सहाचा माल, वाळू अर्धा ब्रास. टक्केवारी कुठेच नाही. मी विचारलं, तूटफूट? तर म्हणाली, "आमच्या ट्रकमध्ये सहा इंची साडेतीनशे जातात. एक ब्लॉक पंचवीस किलोच्या आसपास भरतो. तीन ट्रक म्हणजे १,०५०. वरचे ४९ तुमची तूटफूट. तेराशेला चौथा ट्रक लागला असता, तोही अर्धामुर्धा."

हे मला फार आवडलं. पाच टक्के, दहा टक्के कुठून येतात ते कुणी सांगत नाही. इथे गाडी किती नेते यावर शेवटचा आकडा ठरला.

झालं काय ते सांगते, कारण अशा लेखांत हाच भाग लोक गाळतात. उतरवताना १४ फुटले. अर्धे करताना १६ वाया गेले. अख्खे उरले १९, त्यांवर आता जास्वंदीच्या कुंड्या ठेवल्यात. आठपैकी सिमेंटची एक गोणी उरली, वाळू पुरून उरली. अडीचशे ब्लॉक कमी मागवले म्हणजे दराप्रमाणे साडेअकरा हजार रुपये वाचले, वाचलेला कॉलम धरलाच नाही त्यात.

एक मात्र खरं, की हे गणित मिस्त्रींच्या हातावर उभं आहे. सांधा दहाचा धरलाय. पंधराचा झाला तर सात थरांत भिंत दीड इंचानं वर जाते, सांध्यातला माल दीडपट लागतो आणि शेवटच्या अर्ध्या ब्लॉकला जागा उरत नाही. आमच्या मिस्त्रींनी दहा एमएमची सळई कापून गवंड्यांच्या हातात दिली, सांध्यात ठेवून बघा म्हणून. हे त्यांचं स्वतःचं डोकं, कारखान्याचं नाही. तेराशेचा पहिला आकडाही त्यांचाच, पण काम हातात घेतल्यावर हजारात बसवायची ईर्षा त्यांनाच जास्त.

आता ब्लॉकबद्दल. कडा सरळ, पृष्ठभाग फार गुळगुळीत नाही, गिलावा धरायला बरा. मापात फरक मला सापडला नाही. मानकात लांबीला पाच एमएम आणि उंची-जाडीला तीन एमएम इकडेतिकडे चालतं, तेवढाही नव्हता. चाचणीचा कागद मागितल्यावर लगेच काढून दिला. आठ ब्लॉक दाबून बघायचे आणि सरासरी घ्यायची असा नियम आहे. सॉलिड ब्लॉकला चौरस मिलिमीटरला ४ किंवा ५ न्यूटन ही वर्गवारी. यांचा ५ चा होता. कंपाउंडला तेवढं पुरून उरतं.

वजन मात्र लक्षात ठेवा. गवंड्याच्या हाताखाली बाई असेल तर पंचवीस किलोचा ब्लॉक दिवसभर पाचव्या-सहाव्या थरावर पोचवणं म्हणजे चेष्टा नाही. आम्ही वरच्या थरांना दोन गडी वाढवले. हलका हवा असेल तर एएसी, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक आहेच, पण ओढ्याकडच्या ओलीला आणि शेळ्यांच्या धडकांना मला सॉलिडच हवा होता.

आणि एक, मुलीनं पहिल्या दिवशी येऊन टाकलेली सूचना. आमचा एक गडी सवयीनं ब्लॉकच्या थप्पीवर पाइप सोडून बसला होता, विटा भिजवतात तसा. तिनं लांबूनच ओरडून नळ बंद करायला लावला. "विटा नाहीत त्या, भिजवायच्या नसतात. ऊन फार असलं तर लावताना वरून हात ओला फिरवा, बस." भिजलेला काँक्रीटचा ब्लॉक वाळताना आकसतो आणि चीर सांध्यात पडते. ब्लॉकच्या बांधकामाच्या मानकातही लावण्याआधी भिजवायची गरज नाही असंच आहे. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं विटांचा हात बसलेला, त्यामुळे निम्म्या जागी ब्लॉक भिजवलेलेच दिसतात.

आता तक्रारी.

पहिली, उतराईची. ४६ रुपये पोच म्हणजे जागेवर, असं मी समजले. ट्रक दारात आल्यावर हमाल म्हणाले, उतराई नगाला दोन रुपये, रोख. १,०५० ब्लॉकचे २,१०० झाले. रक्कम मोठी नाही, पण इतका बारीक हिशेब करून देणाऱ्यांच्या कागदावर ही एक ओळ नसावी? फोन केला तर मालक म्हणाले, "ताई, ते हमालांचं असतं, आमच्याकडे येत नाही." असेल. कागदावर लिहा ना मग.

दुसरी जास्त गंभीर. तिसऱ्या ट्रकमधला माल कच्चा होता. बघताक्षणी कळलं: रंग काळपट, हाताला गार ओलसर, आणि खिळ्यानं कोपऱ्यावर रेघ ओढली तर भुकटी निघत होती. पहिल्या दोन ट्रकांतल्या ब्लॉकवर खिळा नुसता घसरत होता. ब्लॉकला निदान चौदा दिवस पाणी आणि नंतर वाळायला वेळ मिळायला हवा, हे त्यांच्याच मुलीनं मला सांगितलेलं. ब्लॉकवर तारीख नसते, त्यामुळे वाद घालणार कशावर? त्या मुलीला फोन केला. तिनं तिच्या मालकाची बाजू घेतली नाही, हे तिच्या बाजूनं लिहायलाच हवं. म्हणाली, "काकू, तो ट्रक वेगळा रचा, आत्ता लावू नका. आधीचे सातशे लावून होईपर्यंत तो माल वाळेल." तसंच केलं. रस्त्याकडचे शेवटचे गाळे मागे ठेवले आणि ते नंतर लावले. चीर पडली नाही. पण जागा आणि वेळ होता म्हणून जमलं. ज्याच्याकडे एकाच आठवड्यात भिंत संपवायची आहे, त्यानं काय करायचं? ढिगाऱ्यावर खडूनं तारीख टाकायला कितीसा खर्च येतो.

तिसरी बारीक. अर्धे ब्लॉक हे लोक वेगळे पाडून देत नाहीत. आमच्या साठ ब्लॉकांचे दोन-दोन तुकडे गवंड्यांनी छिन्नी-हातोड्यानं केले, म्हणून १६ फुटले. मिस्त्रींनी मग कटर मशीन भाड्यानं आणलं, त्यानंतर एकही वाया गेला नाही, पण धूळ इतकी की शेजारच्या शेडमधली रोपं दोनदा धुवावी लागली. साच्यात मध्ये पत्रा घातला तर अर्धा ब्लॉक निघतो, असं मिस्त्रींचं म्हणणं. कारखान्यानं विचार करावा. गाळे मोजून देतायत, तर अर्ध्यांचा आकडाही त्यांच्याकडे तयार असतोच.

कागदात आणखी दोन गोष्टी नव्हत्या, त्या तुम्ही स्वतः वाढवा. कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी चिकन जाळी मारावी लागते, नाहीतर तिथेच उभी रेघ पडते. गाळ्यामागे दोन सांधे, दोन्ही बाजूंनी धरा. आणि ओढ्याकडे पहिल्या थरात पाणी जायला पाइपाचे तुकडे. आमच्याकडे पावसात वरच्या शेतातलं पाणी येतं, ते अडलं तर भिंतच ढकलेल. मिस्त्रींनी प्रत्येक गाळ्यात दोन इंची पाइप घातला. ब्लॉकच्या आकड्यात त्यानं फरक पडत नाही, पण ब्लॉक लावून झाल्यावर भोक पाडणं म्हणजे परत कटर आणि परत धूळ.

परत घेण्याबद्दल: शंभराच्या आत परत घेत नाहीत, आणि नेण्याचं भाडं आपलं. म्हणजे तेराशे घेऊन 'उरलेले देऊ परत' हा विचार असेल तर गाडीभाडं जोडून बघा.

कुणाला घ्यावं हे ज्याचं त्यानं बघावं. पण तुमच्या जागेवर अजून फक्की पडली नसेल, तर पाचशे रुपये देऊन त्या मुलीला बोलवा. कॉलम उभे असतील तर बोलवायची गरज नाही: दोन कॉलममधली मोकळी जागा टेपनं मोजा, एका थराला किती ब्लॉक बसतात ते प्रत्यक्ष मांडून बघा, थरांनी गुणा, गाळ्यांनी गुणा. फोन खिशात ठेवला तरी चालेल. ऑर्डर देताना उतराई कुणाची ते कागदावर लिहून घ्या, आणि ट्रक आला की सगळा उतरवायच्या आधी वरच्या दोन-चार ब्लॉकांच्या कोपऱ्यावर खिळा ओढून बघा. पोर्चच्या वेळी मी ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवणार आहे, कच्चा निघाला तर गाडी तशीच वळवायची.